मुद्रणाच्या हुकुमाची वहिवाट

न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही संगणकप्रणाली बाल्यावस्थेत असताना तिला पहिला भक्कम आश्रय मिळाला तो कागदावर नेमके अक्षर उमटविण्याच्या तिच्या सामर्थ्यामुळे, याचे स्मरण ठेवले पाहिजे. 1971 च्या उत्तरार्धात प्रयोगशाळेच्या पेटंट खात्यातील तीन टंकलेखक आपले अर्ज दिवसभर या प्रणालीवर सिद्ध करीत असत. सरकारी पेटंट कचेरीस पृष्ठावरील ओळींना अनुक्रमांक हवे असत, आणि ती सोय प्रतिस्पर्धी यंत्रणेत नसून येथे ‘रॉफ’ या मजकूर मांडून देणाऱ्या आज्ञावलीत तत्काळ करून देण्यात आल्यामुळे खात्याने युनिक्सच पत्करले.

पुढे माणसे अनेक आणि छपाईयंत्र एकच, अशी स्थिती जिकडे तिकडे झाली, तेव्हा बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सने जी व्यवस्था रूढ केली ती मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. जुन्या कचेरीतील बारनिशीचा कारकून अर्ज नोंदवून घेऊन अर्जदारास वाटे लावी, तद्वत ‘एलपीआर’ ही आज्ञा मजकुराची प्रत राखीव जागी ठेवी, तो कोणाचा व कसा छापावयाचा याची निराळी नोंद करी आणि माणसास मोकळे करी. मग ‘एलपीडी’ हा अखंड जागता सेवक क्रमाने एकेक काम यंत्राकडे धाडी. यंत्राचे गुणधर्म ‘प्रिंटकॅप’ या दप्तरात नमूद असल्याने छापणाऱ्यास त्यांची माहिती असण्याचे कारण उरले नाही, आणि म्हणूनच यंत्रे पालटली तरी हुकूम पालटला नाही.

एटीअँडटीच्या सिस्टिम फाइव्हने मात्र छापण्यासाठी ‘एलपी’ व छपाई रद्द करण्यासाठी ‘कॅन्सल’ अशी स्वतंत्र वहिवाट पाडली. युनिक्ससारख्याच घडणीच्या लिनक्सकडे प्रारंभी बर्कलीचा वारसा आला. तेथे छापावयाचा मजकूर बहुधा पोस्टस्क्रिप्ट या पृष्ठवर्णनाच्या भाषेत येई आणि स्वस्त यंत्रांना ती समजत नसे; ती उणीव घोस्टस्क्रिप्ट या रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने भरून काढली.

1997 साली मायकेल स्वीट यांनी आरंभिलेली व 1999 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘कप्स’ ही मुद्रणप्रणाली इंटरनेट मुद्रणाच्या नव्या नियमावलीवर उभी होती, तरी तिने ‘एलपी’ आणि ‘एलपीआर’ या दोन्ही आज्ञांचा मान राखला, आणि जुन्या लेखनिकांच्या सवयींविषयीचा हा आदर मला तिच्या तांत्रिक गुणांइतकाच मोलाचा वाटतो. 2007 मध्ये तिचे स्वामित्व अॅपलकडे गेले. स्वीट 2019 मध्ये तेथून बाहेर पडले, तेव्हा ओपनप्रिंटिंग या मुद्रणविषयक मुक्त प्रकल्पाने 2020 मध्ये तिची स्वतंत्र शाखा चालू केली, आणि टर्मिनलातून दिलेला लिनक्सवरील मुद्रणाचा हुकूम आज बहुधा तिच्याच हाताखालून जातो.