प्रेताला दिलेला फास

१९१९ साली मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, उच्च न्यायालयात पलनी गौंडनचा खटला पूर्णपीठापुढे आला. त्याने पत्नीच्या डोक्यावर नांगराच्या फाळाने प्रहार केला. ती निश्चेष्ट पडली. मेली असे समजून, आत्महत्येचा देखावा उभा करण्यासाठी त्याने तिला तुळईला टांगले. प्राण गेले ते या फासाने.

पूर्णपीठाने हा खून मानला नाही; सदोष मनुष्यवधही नाही. प्रहारामागे ठार मारण्याचा उद्देश नव्हता आणि फास आवळताना, त्याच्या समजुतीप्रमाणे, समोर माणूस नव्हताच. कृत्याला दुष्ट हेतूची जोड हवी, या तत्त्वाची ही टोकाची कसोटी. मूळ प्रहार आणि खोटा पुरावा रचण्याचा यत्न एवढेच दंडनीय ठरले. तर्काला हे पटते. पण त्या स्त्रीचा श्वास तर चालू होता.

मुंबई उच्च न्यायालयाने १८९० साली खंडू वलद भवानीच्या खटल्यात हाच पेच पाहिला होता. तेथे सासऱ्यावरचे काठीचे तडाखे ठार मारण्यासाठीच होते. तो मेला असे समजून झोपडी पेटवली. तरी निर्णय खुनाच्या प्रयत्नाचा झाला. न्यायमूर्ती पार्सन्स यांना मात्र तो खूनच वाटला.

पुढे १९४३ साली, थवमणी खटल्यात, मद्रासच्याच न्यायालयाने आरंभीच ठार मारण्याचा उद्देश असणाऱ्याला या भ्रमाची ढाल नाकारली. तेथे मृत समजून विहिरीत टाकलेली स्त्रीही जिवंत होती.