साकीनाक्याचे पत्रे आणि कोंडिवट्याचा पाषाण

इतिहासाचें साधन म्हटलें कीं पोथी, बखर, ताम्रपट व नाणें यांकडे आपलें लक्ष जातें. ज्या भिंतींच्या आश्रयानें तीं साधनें शेंदोनशें वर्षें टिकलीं, त्या भिंतींस मात्र साधनाचा मान क्वचितच मिळतो. वस्तुतः भिंत आणि छप्पर यांत त्या त्या काळचें उष्णतेविषयींचें अनुभवज्ञान सांठविलेलें असतें. जुना वाडा पडून त्यांतील दप्तर पत्र्याखालच्या माळ्यावर गेलें म्हणजे त्या ज्ञानाचा विसर किती महाग पडतो हें कळतें. या विषयाच्या विवेचनास साष्टींतील साकीनाका हें ठिकाण फार सोयीचें आहे.

अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील या नाक्याभोंवतीं कारखान्यांचे गाळे व दाट वस्ती असून त्यांतील पुष्कळ छपरें पत्र्याचीं आहेत. येथून वायव्येस तीन-साडेतीन किलोमीटरांवर कोंडिवटें उर्फ महाकाली येथील बौद्ध लेणीं आहेत. त्यांचें खोदकाम इ. स. पूर्वीं पहिल्या शतकापासून इ. स. सहाव्या शतकापर्यंत झालें असें मानितात. त्यांतील नवव्या लेण्यांत, म्हणजे चैत्यगृहांत, मागील बाजूस घुमटाकार माथ्याची वर्तुळाकार खोली कोरिली असून आंत स्तूप आहे व खोलीच्या दर्शनी भिंतीस दगडी जाळ्या आहेत. गवतानें शाकारलेल्या गोल झोंपडीची ही पाषाणांतील प्रतिकृति होय; बिहारांतील बराबर डोंगराच्या सुदामा लेण्यांतही हीच कल्पना दिसते. आकार झोंपडीचाच राहिला. द्रव्य पालटलें, आणि त्याबरोबर आंतील उष्णतेची वागणूकही पालटली.

ती कशी, हें सांगणारें गणित बरेंच अलीकडचें आहे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली; त्यानंतर चारच वर्षांनीं, १८२२ सालीं, फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये यांचा उष्णतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. उष्णतेच्या वाटा तीन. घन पदार्थांतून ती कणाकणानें पुढें सरते, हें वहन. हवा वा पाणी तापून हलकें झालें कीं वर चढतें व तिला आपल्यासवें नेतें, हें अभिसरण. तप्त पृष्ठभाग मध्यें कांहींही नसतां किरणरूपानें ती फेंकतो, हें प्रारण. खडकांत वहनाचाच अंमल चालतो. दिवसाचें ऊन व रात्रीचा गारवा यांची लाट खडकांत शिरतांना क्षीण होत जाते, व मागेंही पडते. काळ्या दगडांत सुमारें १५ सेंटिमीटर खोलीवर ती मूळच्या एकतृतीयांशाहून किंचित् अधिक उरते. ४५ सेंटिमीटरांवर शंभरांत पांचच भाग उरतात, व तेथें पोहोंचण्यास तिला जवळजवळ १२ तास लागतात. म्हणजे दुपारचा ताप तेथें मध्यरात्रीं येतो, तोही नांवापुरता. वर्षाची लाट मंद असल्यामुळें सुमारें १९ पट खोल जाते. वाड्यांच्या दीड-दोन फूट जाड भिंतींचें मर्म याच हिशेबांत आहे.

आतां पत्र्याकडे वळूं. नालीदार लोखंडी पत्र्याचें पेटंट लंडनच्या गोदीचे अभियंते हेन्री पामर यांनीं १८२९ सालीं घेतलें. हलका, स्वस्त व लौकर चढणारा म्हणून तो जगभर गेला. त्याच्या पातळ अंगांतून उन्हाचा ताप आंत येण्यास कांहींच वेळ लागत नाहीं. तापलेला पत्रा खालीं प्रारण करितो, म्हणून पंखा फिरविला तरी माथ्यावरची धग हटत नाहीं. शिवाय ऊन हवा वर चढून माळ्याशींच कोंडते. नळीच्या कौलांची गोष्ट निराळी. तेथें भाजलेल्या मातीचा जाड थर, कौलांमधील हवा आणि वरची ऊन हवा निघून जाण्यास फटी, असा तिहेरी बंदोबस्त असतो. १८६५ सालीं बाझल मिशननें मंगळूरास कारखाना काढिल्यावर पसरलेलीं मंगळुरी कौलेंही पत्र्याहून सौम्यच.

तथापि जाड भिंत सर्वस्वीं निर्दोष मानूं नये. पावसाळ्यांत दिवस व रात्र यांच्या तापमानांतील अंतर थोडें असतें, आणि ओलावा हा खरा शत्रु ठरतो. दमट हवा तिच्या दवबिंदूहून थंड असलेल्या दगडास लागली कीं दगड भिजतो. कोंदट खोलींत बुरशीस तेवढें पुरतें. दप्तर रुमालांत बांधण्याच्या जुन्या रीतीचा उपयोग येथें ध्यानांत येतो. कापडाच्या घड्यांत अडकलेली स्थिर हवा उष्णतेस अडविते, आणि कापड स्वतः कांहीं ओल शोषून कागदावरील आघात मंद करितें.

पत्र्याखालीं माणसें राहतात व राबतात, त्यांचे हाल आधीं दूर व्हावेत हें उघड आहे. कागदास तर तक्रारही करितां येत नाहीं. ताप वाढला कीं त्याचा नाश निमूटपणें वेग घेतो. म्हणून ज्यांस पत्र्याखालींच संग्रह ठेवणें प्राप्त आहे त्यांनीं माळा टाळावा, पत्र्याखालीं हवेची पोकळी सोडून दुसरें छत घालावें, त्या पोकळींतील ऊन हवेस वाट ठेवावी, आणि रुमाल भिंतीपासून व जमिनीपासून दूर ठेवावे. तसेंच जुन्या वाड्यांतून कागद उचलतांना ते कोणत्या दालनांत, कोणत्या दिशेच्या किती जाड भिंतीशीं व कसल्या छपराखालीं होते, याचें टिपण करावें, अशी आमची संग्राहकांस विनंती आहे. वाडा पडल्यावर ती माहिती कोणत्याही रुमालांत सांपडणार नाहीं.