नाताळच्या ताटातली सुकी मासळी

आज इतिहासाच्या गप्पा चुलीपासून सुरू करू. बटाटा, कोबी, पाव हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आले. ‘नाताळ’ हासुद्धा त्यांचाच शब्द. वसई १५३४ ते १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होती आणि गोवा १५१० पासून १९६१ पर्यंत. मग त्यांच्या स्वतःच्या देशात, पोर्तुगालमध्ये, नाताळ कसा करतात?

तिथलं मोठं जेवण असतं २४ डिसेंबरच्या रात्री. त्याला म्हणतात ‘कोंसुआदा’. दूर गेलेली मुलं-बाळं त्या रात्री घरी येतात. ताटात काय असतं? उकडलेला बटाटा, उकडलेला कोबी आणि खारवून सुकवलेला कॉड मासा. वरून ऑलिव्हचं तेल आणि लसूण. एवढ्या मोठ्या सणाला इतकं साधं जेवण का? कारण पूर्वी नाताळच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य होतं. सुकी मासळी टिकायची, डोंगरातल्या गावापर्यंत पोचायची. जेवण झालं की मध्यरात्री चर्चमध्ये मिस्सा. तिचं नाव ‘कोंबड्याची मिस्सा’.

आता गंमत बघा. हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. तो आणायला माणसं पार न्यू फाउंडलंड आणि ग्रीनलंडपर्यंत जायची. १९३४ पासून तिथल्या सरकारने या मासेमारीला मोठं बळ दिलं. जहाजं वसंत ऋतूत निघायची ती शरद ऋतूत परतायची. भर समुद्रात एकेका छोट्या होडीत एकेकटा माणूस, हातात गळाची दोरी. धुकं दाटलं की होडी हरवायची. काही जण परतलेच नाहीत. ही पद्धत १९७४ पर्यंत चालली.

सहा-सहा महिने घर, शेत, पोरं बायकाच सांभाळायच्या. आणि जहाज परतलं की त्यांचं दुसरं काम सुरू व्हायचं. ईल्यावु गावाजवळच्या वाळवणांवर शेकडो बायका गार पाण्यात मासे धुवायच्या, उन्हात पसरायच्या, दव पडायच्या आत उचलून ठेवायच्या. आपल्या कोळणी बोंबील वाळवतात, तसंच कष्टाचं काम. पुरुषांच्या धाडसाच्या गोष्टी झाल्या, पण मासा ताटापर्यंत आला तो या बायकांच्या हातून.

सणाच्या दिवशीही हात रिकामे नसतात. मासा एक-दोन दिवस आधी भिजत घालायचा, पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं. पाव दुधात नि अंड्यात बुडवून तळायचा, वर साखर आणि दालचिनी.

उत्तरेकडच्या काही घरांत त्या रात्री जेवणाचं टेबल आवरत नाहीत. गेलेली माणसं येऊन जेवतील, असं मानतात. आपण पितरांना पान वाढतो, त्यातलीच ही माया. ज्यांची माणसं समुद्रात राहिली, त्यांच्या घरी ते टेबल बघून काय वाटत असेल!

दुसऱ्या दिवशी उरलेला मासा, बटाटा, कोबी लसणावर परततात. त्या पदार्थाचं नाव ‘जुने कपडे’! फोडणीची पोळी करणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

बायांनो, पुढच्या बैठकीत एक करा. आपल्या सणाच्या ताटातला एकेक पदार्थ घ्या आणि तो कुणाच्या हातांनी तिथवर आला, ते नावानिशी सांगा.