पीएसए चाचणी
पीएसए चाचणी : प्रोस्टेट (अष्ठीला) ग्रंथीच्या कर्करोगाचा माग लवकर लागावा म्हणून करतात ती रक्तचाचणी. पीएसए म्हणजे प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन. हे प्रथिन ग्रंथीत तयार होते व वीर्य पातळ करते. त्याचा अल्प अंश रक्तात उतरतो. तो नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये मोजतात. निरोगी पेशीही हे प्रथिन बनवतात. चाचणीच्या बहुतेक मर्यादांचे मूळ यात आहे.

मान्यता : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८६ मध्ये ही चाचणी केवळ निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी मान्य केली. १९९४ मध्ये गुदमार्गातून बोटाने करायच्या तपासणीच्या जोडीने रोगशोधासाठीही मान्यता मिळाली.

चुकीचे निष्कर्ष : ४ ही मर्यादा दीर्घकाळ रूढ आहे. मात्र वयोमानाने ग्रंथी वाढणे, तिचा दाह, लघवीतील जंतुसंसर्ग, नुकतेच झालेले वीर्यस्खलन यांमुळेही पातळी चढते. पीएसए वाढलेल्या चारपैकी सुमारे तिघांना कर्करोग नसतो. उलट, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात पातळी ४ किंवा त्याहून कमी असलेल्या सुमारे १५ टक्के पुरुषांच्या बायॉप्सीत कर्करोग आढळला. फिनास्टेराइडसारखी औषधे काही महिन्यांत ही पातळी निम्म्यावर आणतात. म्हणून चालू औषधे डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते.

लाभ व हानी : १९९३ मध्ये सुरू झालेल्या युरोपीय चाचणी-प्रयोगात २३ वर्षांनंतर तपासणीसाठी बोलावलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी दिसले, ४५६ जणांना बोलावल्यावर एक मृत्यू टळला. अमेरिकेतील समांतर प्रयोगात असा फरक दिसला नाही, परंतु तेथे तुलनागटातील अनेकांनी बाहेर ही चाचणी करून घेतली होती. प्रोस्टेटचे अनेक कर्करोग इतके मंद वाढतात, की त्यांचा आयुष्यभर त्रास होत नाही. अशांवर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार केल्यास लघवीवरील ताबा व लैंगिक क्षमता नाहक गमावण्याचा धोका असतो. म्हणून कमी जोखमीच्या रुग्णांत आता उपचारांऐवजी नियमित देखरेखीला प्राधान्य देतात.

अचूकता वाढवण्याचे मार्ग : वाढलेली पातळी काही आठवड्यांनी पुन्हा तपासणे, मुक्त व एकूण पीएसएचे प्रमाण, ग्रंथीच्या आकारमानाशी पातळीची तुलना, तसेच बायॉप्सीपूर्वी एमआरआय.

सद्यस्थिती : अमेरिकी प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयोगटासाठी हा निर्णय डॉक्टरांशी बोलून व्यक्तिशः घ्यावा आणि सत्तरीनंतर सरसकट तपासणी करू नये, अशी शिफारस केली. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगांची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. लघवीतून रक्त जाणे, लघवी अडणे किंवा सतत हाडे दुखणे अशी लक्षणे असल्यास मात्र आधीची पीएसए पातळी कितीही कमी असली, तरी डॉक्टरांना दाखवणे टाळू नये. ग्रंथी पूर्ण काढल्यानंतर ही चाचणी फार भरवशाची ठरते. तेव्हा पीएसए जवळजवळ शून्यावर यायला हवे. ते पुन्हा चढू लागल्यास रोग परतल्याची शंका घेऊन पुढील तपासण्या करतात.