विंचवाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण ज्याला घरदार नाही अशा मनुष्याविषयी काहीशा तुच्छतेने योजिली जाते. परंतु ज्यांना दिवसचे दिवस वाटेवर काढावे लागले, त्यांच्या दृष्टीने पाहता विंचवाची रीत शहाणपणाची ठरते. पाठीवर जेवढे पेलते तेवढेच तो बाळगतो. बरोबर काय घ्यावे आणि काय मागे ठेवावे हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. तथापि त्याच्या उत्तरावर व्यापार चालले, लढाया जिंकल्या गेल्या आणि साम्राज्येही खचली.

मराठवाड्यातील मुरुड हे गाव लातूर-बार्शी वाटेवर आहे. इ. स. १९११ मध्ये आगगाडी लातुरास पोचली. तोपर्यंत या भागातील माल बार्शीच्या पेठेस बैलगाडीनेच जाई, आणि तुळजापूर-पंढरपूरची यात्राही एक तर पायी, नाही तर गाडीने घडे. काळ्या मातीचा हा मुलूख पावसाळ्यात गाडीचे चाक तुंब्यापर्यंत गिळतो आणि उन्हाळ्यात कोसकोस पाणी दाखवीत नाही. अशा वाटेवर कुटुंबकबिला घेऊन निघणाऱ्याची गाडी म्हणजे दोन चाकांवरचे एक लहानसे घरच असे. छकडा असो की दमणी, आत जागा चार हातांची. म्हणून प्रत्येक वस्तूला आपली योग्यता सिद्ध करावी लागे.

या निवडीचा क्रम जुन्या गाडीवानांनी अनुभवाने ठरविलेला होता: आधी बैलाचे, मग चाकाचे आणि शेवटी माणसाचे. बैलासाठी कडबा, पेंड व घुंगुरमाळ; चाकासाठी वंगणाचा नळा, आसाच्या टोकाची एक जादा खीळ आणि बळकट दोर. माणसाच्या सामानात पहिला मान पोहऱ्याचा. या प्रदेशातील विहिरी खोल. दोर आणि पोहरा नसेल तर तुडुंब विहिरीच्या काठावरही प्रवासी तहानलेला राहावयाचा. त्यानंतर तवा, काटवट, एक पातेले आणि घोंगडी. घोंगडी दिवसा बैठक होई, रात्री पांघरूण होई आणि पावसात तिचीच खोळ होई. शिध्यात ज्वारीचे पीठ व येसर. कढत पाण्यात येसर कालविले की आमटी सिद्ध. एका वस्तूने दोन-तीन कामे भागवावी, हाच या साऱ्या सामानाचा गुण होता.

हा क्रम फार जुना आहे. ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्यास जाताना औरंगाबाद, नांदेड याच वाटेने गेला. प्रवासासाठी वापरावयाच्या हलक्या गाडीचे त्याने बारकाईने वर्णन केले आहे. गाडी दोघांपुरती, पण कपडे बरोबर ठेवता यावेत म्हणून शहाणा प्रवासी एकटाच बसे. मद्याची पेटी व किरकोळ सामान गाडीच्या खालच्या बाजूस बांधलेले असे, आणि ओढावयास बैलांची एकच जोडी पुरे. स्वतःच्या जोडीस त्याने ६०० रुपये मोजले. निम्मी मजल झाली की बैलांना गव्हाच्या पिठात लोणी व गूळ मळून केलेले गोळे चारीत, आणि सायंकाळी भिजविलेले हरभरे देत. मालकाच्या चैनीपेक्षा बैलाच्या खुराकावर अधिक खर्च होई, आणि म्हणूनच ती जोडी साठ-साठ दिवस दुडक्या चालीने धावू शके.

याच विचाराचे दुसरे रूप लमाणांच्या तांड्यात दिसते. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशास १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात धान्याने लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला. बायकामुले, भांडीकुंडी, सारा संसार बरोबर. मजल मात्र दिवसाकाठी सहा-सात मैलांची. इतक्या मंद गतीचे कारण असे की, हे बैल वाटेवरच चरत. वैरण वाहून न्यावयाची नसल्याने पाठीवरची सारी शक्ती मालासाठी मोकळी राही. मुक्कामी धान्याच्या गोणी एकावर एक रचल्या की त्यांचाच कोट होई. माल तोच, भिंतही तीच.

ज्यांना हे भान राहिले नाही त्यांची दशाही इतिहासाने नोंदविली आहे. शिवछत्रपतींचे लष्कर मुलूखगिरीस निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूंची यादी होई, परतल्यावर झाडा घेतला जाई, आणि फौजेत बायका नेण्यास सक्त मनाई असे, असे सभासदाने १६९४ च्या सुमारास लिहून ठेविले. त्याच्या पुढच्याच वर्षी जेमेल्ली करेरी या इटालियन प्रवाशाने गलगले येथील औरंगजेबाची छावणी पाहिली. तिचा घेर तीस मैलांचा आणि वस्ती पाच लाखांची असल्याचे तो सांगतो. आकडे ऐकीव असतील. पण ते चालते शहर होते यात संशय नाही. १७०० च्या ऑक्टोबरात माण नदीकाठी खवासपुरास रात्री अचानक पूर आला आणि हे शहर चिखलपाण्यात सापडले. धावपळीत खुद्द बादशहाचा गुडघा दुखावला व तो कायमचा लंगडा झाला. ज्याला आपले बिऱ्हाड उचलता येत नाही, तो आपल्या बिऱ्हाडाचाच कैदी होतो.

आगगाडी आली तेव्हाही हाच नियम लोखंडाच्या भाषेत मांडला गेला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने अडीच फूट रुंदीच्या बार्शी लाइट रेल्वेची आखणी करताना असे ठरविले की, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये. भार सर्व आसांवर सारखा वाटावा. रूळ हलके, डबे मोठे आणि खर्च बेताचा, हे त्याचे फळ. १८९७ मध्ये बार्शीस व १९११ मध्ये लातुरास पोचलेल्या या गाडीने मुरुडच्या गाडीवानाचे लांबचे भाडे संपविले, तसा देशभरच्या लोहमार्गांनी लमाणांचा व्यापारही संपविला. १४,००० बैलांचे वंशज गावांच्या शिवेवर तांडे करून स्थिरावले आणि अनेकांच्या हाती मोलमजुरीच उरली.

इकडे हे घडत असता विलायतेत चाकांवरचे घर हौसेची वस्तू झाले होते. आरमारातील निवृत्त वैद्य गॉर्डन स्टेबल्स याने १८८५ साली ‘वाँडरर’ नावाची दोन घोड्यांची गाडी बांधवून घेतली आणि निव्वळ आनंदासाठी तीतून स्कॉटलंडपर्यंत मुशाफिरी केली. आजच्या मोटारीमागे जोडावयाच्या फिरत्या घरांची परंपरा तेथून सांगितली जाते.

परंतु मराठवाड्यात चाकांवरचे बिऱ्हाड अजून हौसेचे झालेले नाही. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिव, लातूर या जिल्ह्यांतून ऊसतोडणीची कुटुंबे बैलगाडीने वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून साखर कारखान्यांच्या मुलुखाकडे निघतात. पाचसहा महिन्यांचा संसार त्या ट्रॉलीत बसवावयाचा: ज्वारीची पोती, चूल, कोयते, पाण्याच्या घागरी, कोपीचे बांबू, गोधड्या आणि त्यांवर लेकरे. काय घ्यावे व काय सोडावे हे त्या घरातील स्त्रीला ताव्हेर्निएपेक्षा अधिक नेमके ठाऊक असते. मात्र मागे सोडावयाच्या वस्तूंत पुष्कळदा मुलाचे दप्तरही असते. बिऱ्हाड हलके करण्याची विद्या या भूमीने शतकानुशतके कमावली; दप्तराला मात्र त्या ट्रॉलीत जागा मिळालीच पाहिजे, आणि ती करून देणे एकट्या त्या माउलीच्या हाती नाही.