संगमनेरचा एक पदपथवासी आणि जगाची नगरे

आपल्या संगमनेरचे नाव देशोदेशींच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या वाचनात येते, हे आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ते येते ते प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमामुळे नव्हे, विड्यांच्या कारखान्यांमुळे नव्हे आणि साखरेमुळे तर नव्हेच. ते येते चपला शिवणाऱ्या एका गरीब माणसामुळे.

सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ या खटल्याचा निकाल दिला. ओल्गा टेलिस या मुंबईच्या पत्रकार. त्यांच्याबरोबर अर्जदार म्हणून पदपथावर राहणारे दोघे जण होते. पहिला, पी. अंगमुत्तू, तमिळनाडूतील सेलमहून १९६१ साली मुंबईस आलेला. दुसऱ्याची हकीकत निकालपत्रात अवघ्या काही ओळींत येते, पण त्या ओळी वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. हा माणूस १९६९ साली अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील संगमनेरहून मुंबईस गेला. गावी तो जोडे-चपला शिवून दिवसाकाठी सात-आठ रुपये मिळवी. ज्याला घर म्हणायचे ते गावी कोसळले. मुंबईत त्याला बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपयांचे काम लाभले. तुळशीवाडीच्या पदपथावर जागा मिळवण्यासाठी त्याने तेथल्या एका गुंडाला ३०० रुपये मोजले. बांबू आणि प्लॅस्टिकच्या ताडपत्रीला आणखी ७०० रुपये पडले. म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांची कमाई पदपथाच्या पागडीत आणि चार बांबूंत गेली. पदपथावर राहणारा फुकट राहतो असे ज्यांना वाटते त्यांनी हा हिशेब एकवार मांडून पाहावा. त्या कथनात त्याचे नाव घेतलेले नाही. आम्हीही त्याला संगमनेरकर असेच म्हणू.

जानेवारी १९८०मध्ये पालिकेने त्याचे खोपटे पाडले. त्याने ते पुन्हा उभारले. मग १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केले की, मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना जबरीने हलवून आपापल्या मूळ गावी अथवा शहराबाहेर धाडण्यात येईल. दिवस भर पावसाळ्याचे. २३ जुलैला अंगमुत्तूची झोपडी पाडली गेली आणि त्याला कुटुंबासह सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आले. बायको-मुली सेलमला राहिल्या. तो मात्र कामाच्या शोधात मुंबईस परतला आणि पुन्हा एका पदपथावर विसावला. पोट जिथे भरते तिथेच माणूस परत येतो, हे आपल्या भागातल्या कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबईत कोणी नाही असे घर आपल्या गावांत शोधूनच काढावे लागेल. १९७२च्या दुष्काळानंतर तर विशेषच.

न्यायालयापुढे प्रश्न असा होता की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो की नाही. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायमूर्तींनी उत्तर दिले की, येतो. उपजीविकेचे साधन हिरावले तर जीवनच हिरावले जाते. उच्च न्यायालयात पूर्वी दिलेल्या कबुलीमुळे आता मूलभूत हक्क मागता येणार नाही, हा सरकारपक्षाचा युक्तिवादही फेटाळण्यात आला, कारण राज्यघटनेने दिलेला हक्क असा सोडून देता येत नाही. येथवर वाचले की मन भरून येते. परंतु त्याच निकालाने असेही ठरवले की, पदपथ चालण्यासाठी असतात आणि ते मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार वैध आहे. फक्त ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, थांबावे. १९७६च्या शिरगणतीत ज्यांना ओळखपत्रे मिळाली त्यांना पर्यायी जागा द्यावी. तत्त्व जिंकले आणि खोपटे हरले, असेच आम्हांला या निकालाबद्दल म्हणावेसे वाटते.

येथून कथेला वेगळे वळण लागते. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली मुंबईत ‘स्पार्क’ ही संस्था स्थापन केली होती. नोव्हेंबर उजाडला की पाडापाडी सुरू होणार, या धास्तीत भायखळ्याच्या पदपथांवरील बायका त्यांच्याकडे येऊ लागल्या. त्यांनी मोर्चा काढण्याऐवजी प्रथम मोजणी केली. पदपथावरची माणसे म्हणजे एकटेदुकटे, आज येथे तर उद्या तेथे असणारे उपरे, असा सरकारी समज होता. भायखळ्याचा विभाग आणि काही हमरस्ते मिळून सुमारे ६,००० कुटुंबांची, सुमारे २७,००० माणसांची नोंद झाली. ती कुटुंबे होती, कष्टकरी होती, बहुतेक जण पायी कामावर जाणारे होते. मोजले गेलेले माणूस सहजासहजी पुसून टाकता येत नाही. ज्या प्रमाणावर पाडापाडीची भीती होती तशी ती झाली नाही.

या बायकांची संघटना म्हणजे ‘महिला मिलन’. रोज रुपया-दोन रुपये बाजूला ठेवायचे, अडीनडीला आपसांत कर्ज द्यायचे आणि घराचा आराखडा स्वतः काढायचा, असा त्यांचा क्रम. जागेची मापे त्यांनी साडीने घेतली, असे सांगतात. चौदा फूट उंचीचे, पोटमाळा असलेले घर त्यांनी कल्पिले आणि १९८७ साली, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी बेघरांसाठी घोषित केलेल्या वर्षी, खऱ्या मापाचे नमुनाघर लोकांसमोर उभे केले. या कामी त्यांना राष्ट्रीय झोपडीवासी महासंघाची जोड मिळाली. त्याचे अध्वर्यू जॉकिन अर्पुथम हे कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावचे. साठच्या दशकात ते मुंबईस आले आणि मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहू लागले. अणुसंशोधन केंद्राशेजारची ही सुमारे ७०,००० वस्तीची कॉलनी आणीबाणीत, मे १९७६मध्ये, जमीनदोस्त करण्यात आली. त्याच महिन्याच्या अखेरीस कॅनडातील व्हँकूव्हर येथे मानवी वसाहतींविषयीची संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. जगाची राष्ट्रे घरांवर भाषणे करीत होती तेव्हा चीता कॅम्पच्या चिखलात ही माणसे पुन्हा खांब रोवीत होती. शहरे सुधारण्यासाठी जागतिक संस्था पुष्कळ निघाल्या, पण त्यांतील फार थोड्यांत पदपथावरच्या माणसाला बोलावणे असे.

असे एक बोलावणे मार्च १९९१मध्ये आले, आणि ते आमच्या वाचकांना विशेष वाटावे. दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला यांची सुटका होऊन वर्ष झाले होते. तेथील कॅथलिक विकास संस्थेने ब्रूडरस्ट्रूम या गावी झोपडीवासीयांची परिषद भरवली आणि मुंबईहून अर्पुथम व शीला पटेल तेथे गेले. स्वातंत्र्य आले की घरे येतील, अशी आफ्रिकी बांधवांची श्रद्धा. पाहुण्यांनी त्यांना भारताचा अनुभव सांगितला. सत्तांतर होऊन चाळीसहून अधिक वर्षे लोटली, तरी गरीब पदपथावरच आहे. म्हणून संघटना आजच बांधा. उत्सवाच्या दिवसांत असे बोलणे कोणास रुचते? तरीही ते मानले गेले. पुढे भायखळ्याच्या बायका आफ्रिकेत गेल्या, आफ्रिकी बायका भायखळ्याला आल्या. अक्षरओळख बेताची, भाषा निराळी, पण बचतीची वही आणि मोजणीची पद्धत दोघींना समजत होती.

या देवाणघेवाणीची वाट आधी ज्यांनी चोखाळली त्यांत फादर होर्खे अँझोरेना या येशूसंघीय धर्मगुरूंचे नाव घेतलेच पाहिजे. जन्माने अर्जेंटिनाचे, पेशाने वास्तुशास्त्रज्ञ, कर्मभूमी टोकियो. वर्षातील कित्येक महिने ते आशियातील झोपडपट्ट्या पायी पाहत आणि एका वस्तीत पाहिलेले दुसऱ्या वस्तीला पत्रकातून कळवीत. या ओळखींतूनच १९८८ साली आशियाई गृहहक्क आघाडी उभी राहिली. तिला जर्मन बिशपांच्या ‘मिझेरिओर’ या संस्थेचे साह्य लाभले. उपवासकाळात जर्मन घराघरांतून गोळा होणारे हे दान. फादर अँझोरेना यांना १९९४चे मॅगसेसे पारितोषिक मिळाले, अर्पुथम यांना २०००चे.

१९९६ साली ‘स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल’ ही झोपडीवासीयांची जागतिक संघटना स्थापन झाली आणि अर्पुथम तिचे अध्यक्ष झाले. पुढे तीसहून अधिक देशांत तिचे जाळे पसरले. मुंबईत रेल्वे रुळांलगतची दहा हजारांहून अधिक कुटुंबे या शतकाच्या आरंभी हलवली गेली, तेव्हा मोजणी व वाटप लोकांच्याच संघटनांनी केले. पुण्यात सार्वजनिक शौचालये बांधण्याच्या मोहिमेत याच बायकांनी १९९९पासून ठेकेदाराची जागा घेतली. भायखळ्याच्या काही बायका मानखुर्दच्या मिलननगरात पक्क्या घरात गेल्या, पण त्यासाठी दोन दशके लोटली. पुनर्वसनाच्या अनेक इमारती तर इतक्या खेटून उभ्या राहिल्या की, खालच्या मजल्यांना ऊन ठाऊक नाही. ज्या संघटना सरकार आणि जागतिक बँकेच्या मेजाशी बसल्या त्यांच्यावर तडजोडीचा आरोप झाला, आणि तो अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. मात्र मेजाशी कोणी बसलेच नसते तर काय झाले असते, ते १९८१च्या पावसाळ्याने दाखवलेच होते.

अर्पुथम १३ ऑक्टोबर २०१८ रोजी निवर्तले. संगमनेरकराच्या खटल्यानेही दूरचा प्रवास केला. १९९९ साली ढाक्यातील झोपड्या हटवण्याचा प्रश्न बांगलादेशच्या उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा तेथील न्यायाधीशांनी मुंबईच्या या निकालाचा आधार घेतला. दक्षिण आफ्रिकेने तर १९९६च्या राज्यघटनेतच लिहून ठेवले की, न्यायालयाच्या आदेशावाचून कोणाचेही घर पाडता येणार नाही. तुळशीवाडीतील त्या बांबूंची आणि प्लॅस्टिकची किंमत, रुपये ७००, निकालपत्रात अजून छापलेली आहे.