पेंटबॉल म्हणजे काय? चिखलदऱ्याच्या सहलीत खेळण्याआधी हे माहीत असू द्या

पाऊस सुरू झाला की अमरावती, अकोला, परतवाडा इथून चिखलदऱ्याकडे गाड्यांची रांग लागते. देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड पाहून झालं की कॉलेजच्या टोळक्यांना किंवा ऑफिसच्या ग्रुपला काहीतरी 'थ्रिलिंग' हवं असतं. अशा सहलींच्या यादीत झिपलाइनच्या जोडीला हल्ली पेंटबॉलचंही नाव येतं. रिल्समध्ये हा खेळ भारी दिसतो: अंगावर लष्करी कपडे, तोंडावर मुखवटा, हातात बंदूक आणि सगळीकडे रंगच रंग. खेळ खरंच मजेचा आहे. पण त्यात एक नियम असा आहे, जो एकदा मोडला तरी डोळा जाऊ शकतो.

पेंटबॉल नेमका कसा खेळतात?

दोन संघ असतात. प्रत्येक खेळाडूच्या हातात हवेच्या दाबावर चालणारी बंदूक असते. या खेळात तिला 'मार्कर' म्हणतात, म्हणजे खूण करणारी. तिच्यातून रंगाने भरलेली गोल गोळी सुटते. गोळी अंगावर फुटून रंग लागला की तो खेळाडू बाद.

मैदानात लपायला ड्रम, टायर, लाकडी फळ्या, मातीचे ढिगारे किंवा हवा भरलेले मोठे फुगे असतात. यांना 'बंकर' म्हणतात. सर्वांत सोपा प्रकार म्हणजे समोरच्या संघातले सगळे बाद करणं. दुसरा लोकप्रिय प्रकार झेंड्याचा: समोरच्यांचा झेंडा पळवून आपल्या तळावर आणायचा. कधी एकच झेंडा मैदानाच्या मधोमध लावतात आणि तो आधी कोण उचलतो यावर निकाल ठरतो. एक डाव साधारण १० ते १५ मिनिटांचा असतो.

झाडांवर खुणा करणाऱ्या बंदुकीतून आलेला खेळ

पेंटबॉलची बंदूक मुळात खेळण्यासाठी बनलेली नव्हती. अमेरिकेतल्या नेल्सन पेंट कंपनीची 'नेलस्पॉट ००७' नावाची बंदूक वनकर्मचारी वापरायचे. तोडायच्या झाडांवर लांबूनच खूण करता यावी, हा तिचा उपयोग. गुरं पाळणारे लोक कळपातल्या जनावरांवर खूण करायलाही ती वापरत.

लेखक चार्ल्स गेन्स आणि शेअर बाजारात काम करणारा त्याचा मित्र हेज नोएल यांच्यात एक वाद रंगला होता. जंगलात टिकून राहायला शहरी माणसाची चलाखी उपयोगी पडते की गावाकडच्या माणसाचं जंगलाचं ज्ञान? बॉब गर्न्सी या तिसऱ्या मित्राला सोबत घेऊन त्यांनी हा वाद मैदानातच सोडवायचं ठरवलं. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात १२ जण नेलस्पॉट घेऊन उतरले. जिंकला रिची व्हाइट, जो स्वतः जंगलात काम करणारा माणूस होता. त्याने सगळे झेंडे गोळा केले आणि पूर्ण खेळात एकही गोळी झाडली नाही.

नवख्या खेळाडूसाठी ही गोष्ट आजही कामाची आहे. पहिल्या दोन मिनिटांत धडाधड गोळ्या संपवणारा लवकर बाद होतो. आडोसा बघून, साथीदाराशी बोलत पुढे सरकणारा शेवटपर्यंत टिकतो.

गोळीत असतं काय?

गोळीचं वरचं कवच जिलेटिनचं असतं, औषधाच्या मऊ कॅप्सूलसारखं. आत पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाचा घट्टसर द्रव आणि पाण्यात विरघळणारा रंग असतो. सुरुवातीच्या गोळ्यांत तेलाचा रंग असायचा आणि तो काढायला टर्पेंटाइन लागायचं. आता साध्या पाण्याने डाग निघतो.

जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनतं. कडक शाकाहार पाळणाऱ्यांना हे आधी माहीत असलेलं बरं.

नेहमीच्या गोळीचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर असतो आणि वजन साधारण ३ ग्रॅम. मुलांसाठी आणि नवख्यांसाठी काही ठिकाणी ०.५० इंचाची, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटरची लहान गोळी वापरतात. ती हलकी असल्याने कमी लागते.

लागतं का? हो, पण किती?

खेळाच्या मैदानांवर गोळीच्या वेगाची कमाल मर्यादा साधारणपणे सेकंदाला ३०० फूट मानली जाते. म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. बरीच मैदानं वेग याहून कमी ठेवतात. वेग मोजायला क्रोनोग्राफ नावाचं छोटं यंत्र असतं.

लांबून आलेली गोळी चापट मारल्यासारखी लागते. जवळून, तीही पातळ टी-शर्टवर लागली, तर गोल काळानिळा डाग उठतो आणि तो आठवडाभर राहू शकतो. गोळी न फुटता आपटली तर जास्त झोंबते. म्हणून जाड, सैल आणि जुने पूर्ण बाह्यांचे कपडे, फुल पँट आणि पकड असलेले बूट घालावेत. गळ्याभोवती रुमाल किंवा मफलर बांधावा. चप्पल घालून या खेळात उतरू नये.

मुखवटा: इथे तडजोड नाही

अंगावरचा डाग जातो, डोळ्याची इजा मात्र कायमची राहू शकते. याचं कारण गोळीच्या आकारात आहे. क्रिकेटचा चेंडू सुमारे ७ सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे त्याचा बराचसा मार भुवईचं आणि गालाचं हाड घेतं. डोळ्याची खोबण साधारण ४ सेंटिमीटर रुंद असते आणि पेंटबॉलची गोळी पावणेदोन सेंटिमीटरची. ती हाडाला न अडता थेट बुबुळावर बसू शकते. आत रक्तस्राव होणं, भिंग सरकणं, पडदा फाटणं किंवा सुटणं, असे प्रकार यातून होतात. मोतीबिंदू किंवा काचबिंदू काही वर्षांनीही उद्भवू शकतो.

डोळा मिटून वाचता येईल, हाही गैरसमज आहे. पाच मीटरवरून सुटलेली गोळी सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या भागात पोहोचते. पापणी मिटायला त्याहून जास्त वेळ लागतो.

त्यामुळे मैदानाच्या जाळीच्या आत पाय ठेवल्यापासून बाहेर येईपर्यंत मुखवटा काढायचा नाही. बाद झाल्यावरही नाही, डाव संपल्याची शिट्टी वाजल्यावरही नाही आणि 'एकच सेल्फी' म्हणूनही नाही. साधा गॉगल, हेल्मेटची काच किंवा वेल्डिंगचा चष्मा चालत नाही. पेंटबॉलसाठीच बनवलेला, डोळे, कान आणि तोंड झाकणारा मुखवटा हवा. अशा मुखवट्यांसाठी 'एएसटीएम एफ१७७६' हे मानक आहे. त्याची खूण मुखवट्यावर किंवा काचेवर शोधावी. काचेला तडा किंवा खोल ओरखडा असेल तर दुसरा मागून घ्यावा.

चिखलदऱ्याचं धुकं आणि दमट हवा

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात इथे ढग रस्त्यावर उतरतात. धावून तापलेला चेहरा, तोंडाची वाफ आणि बाहेरची गार, ओलसर हवा यामुळे मुखवट्याची काच आतून धुरकट होते. समोरचं दिसेनासं झालं की हात आपोआप मुखवट्याकडे जातो आणि तो जरासा वर उचलून काच पुसली जाते. याच क्षणी धोका सर्वांत मोठा असतो.

यावर उपाय आहेत. दुहेरी काचेचा मुखवटा कमी धुरकटतो, तो आहे का ते विचारावं. नसेल तर काचेला धुकं न धरणारा फवारा डाव सुरू होण्याआधी मारून घ्यावा. तरीही दिसेनासं झालं तर जागेवर बसावं, हात वर करून पंचाला हाक मारावी आणि त्याच्यासोबत मैदानाबाहेर जाऊनच काच पुसावी. धुकं इतकं दाट असेल की पंचाला सगळे खेळाडू दिसत नाहीत, तर डाव थांबवणंच योग्य.

दमट हवेत जिलेटिनची गोळी फुगते आणि नळीत अडकते. ओल्या मातीत पडलेली गोळी उचलून पुन्हा भरू नये. थंडीत उलट होतं, कवच कडक होऊन गोळी बंदुकीतच फुटते. बंदूक कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर चालत असेल तर हवामानाचा आणखी एक परिणाम दिसतो. गारठ्यात वायूचा दाब घटतो, तर उन्हात सिलिंडर तापला की दाब आणि गोळीचा वेग वाढतो. सकाळी मोजलेला वेग दुपारच्या उन्हात तोच राहील असं नाही, म्हणून तो पुन्हा मोजावा लागतो. दाबाखालच्या साध्या हवेवर चालणाऱ्या बंदुकीत हा फरक कमी असतो.

मैदानावरचे नियम

खेळाआधी पंच किंवा प्रशिक्षक नियम सांगतो. जागेनुसार थोडा फरक असतो, पण पुढचे नियम जवळपास सगळीकडे सारखे आहेत.

• गोळी अंगावर किंवा बंदुकीवर फुटून रंग लागला तरच बाद. न फुटता उडाली तर खेळ चालू.
• बाद झालेल्याने हात वर करून 'आऊट' ओरडायचं आणि थेट बाहेर जायचं. त्याच्यावर कोणी गोळी झाडायची नाही.
• रंग पुसून खेळत राहणं ही फसवणूक मानली जाते. शंका असेल तर पंचाला तपासायला बोलवावं.
• अगदी जवळून गोळी मारायची नाही. किती अंतर ठेवायचं ते मैदानाने ठरवलेलं असतं. त्याच्या आत समोरचा सापडला तर त्याला शरण यायला सांगतात.
• आडोशामागून न बघता नुसती बंदूक बाहेर काढून गोळ्या झाडायच्या नाहीत.
• मैदानाबाहेर पडण्याआधी नळीच्या तोंडावर कापडी टोपी चढवायची.

कोणी खेळू नये?

गरोदर महिला, नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेले, हृदयविकार असलेले आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी हा खेळ टाळावा किंवा आधी डॉक्टरांना विचारावं. दम्याच्या रुग्णांनी पंप खिशात ठेवावा. चष्मा असेल तर तो आत नीट बसेल असा मोठा मुखवटा मागावा. मुलांसाठी वयाची अट मैदानागणिक बदलते, लहान गोळी असेल तर ती बहुधा १० ते १२ वर्षांपासून असते. मुखवटा मुलाच्या चेहऱ्यावर सैल बसत असेल तर वय पुरेसं असलं तरी त्याला उतरवू नये. दारू पिऊन आलेल्याला मैदानात घेणाऱ्या जागेपासून लांबच राहावं.

डोळ्याला लागलंच तर

डोळा चोळू नये, दाबू नये आणि मनाने थेंब घालू नयेत. कागदी कपासारखं काहीतरी डोळ्यावर न दाबता उपडं धरून हलकेच चिकटवावं आणि नेत्रतज्ज्ञाकडे निघावं. दुखणं कमी झालं, दिसतंय, म्हणून थांबू नये. आतली इजा बाहेरून दिसत नाही. चिखलदऱ्याहून परतवाडा सुमारे ३० किलोमीटर घाट उतरून आहे आणि अमरावती सुमारे ८० किलोमीटर. हे अंतर लक्षात घेता 'सकाळी बघू' असं म्हणणं महागात पडू शकतं.

पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात असे उपक्रम चालवणाऱ्यांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आणि सुरक्षेचे निकष यांवर भर आहे. त्यामुळे नोंदणीबद्दल विचारण्यात गैर काही नाही. सोबत हेही विचारावं:

• गोळीचा वेग कशाने मोजता आणि आज मोजला का?
• डाव सुरू असताना आत पंच असतो का, की सगळं खेळाडूंवर सोडलेलं असतं?
• प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये अखंड जाळी आहे का?
• तिकिटात किती गोळ्या मिळतात आणि जास्तीच्या गोळ्यांचा दर काय? बिल बहुतेक वेळा इथेच फुगतं.
• प्रथमोपचार पेटी आणि दवाखान्यात न्यायला गाडी आहे का?

मुखवट्याबद्दल विचारल्यावर 'काही होत नाही हो' असं उत्तर आलं, तर तिथे खेळू नये.

जंगलाचं भान

चिखलदऱ्याभोवती मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला हा एक. भाड्याची बंदूक घेऊन जंगलात, किल्ल्यावर किंवा पॉइंटवर जाणं, माकडांवर नेम धरणं हा खेळ नाही. वन्यप्राण्यांना त्रास देणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा ठरतो.

न फुटलेल्या गोळ्याही उचलून आणाव्यात. रंग बिनविषारी असतो असं सांगतात, ते माणसाच्या कातडीपुरतं ठीक आहे. गोडसर चवीमुळे कुत्रे या गोळ्या खातात आणि जास्त खाल्ल्या तर त्यांच्या शरीरातलं पाणी व क्षार यांचं गणित बिघडून ते गंभीर आजारी पडतात. डाव संपला की पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून मैदान वेचलं तर हा धोका टळतो. हे कामही मुखवटा घालूनच करायचं, कारण शेजारी कोणाची बंदूक अजून भरलेली असू शकते.